काकू, सहीची घाई नको

या आठवड्याचं पत्र ठाण्याच्या नौपाड्यातून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

‘माझं वय ७३. लग्न होऊन १९७४ साली नौपाड्यात आले. तीन मजली इमारत, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. आम्ही पहिल्या मजल्यावर. हे वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत होते. कंपनी बंद पडली तेव्हा मुलगा दहावीत होता. मी साड्यांना फॉल-बिडिंग करायला, ब्लाउज शिवायला लागले, त्यावर घर चाललं. २०१७ मध्ये आमची इमारत अतिधोकादायक ठरली आणि सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. ह्यांची इच्छा नव्हती. “मला इथूनच न्या” म्हणायचे. मीच त्यांना समजावलं, मीच सहीला बसवलं. तीन वर्षांत परत येऊ म्हटलं. ढोकाळीला भाड्याने राहिलो. मग लॉकडाऊन आला, काम थांबलं. एप्रिल २०२१ मध्ये हे भाड्याच्या घरातच गेले. ताबा मिळाला २०२३ च्या दिवाळीत. चौदावा मजला, दोन बेडरूम. सगळे म्हणतात, नशीबवान आहात. मला मात्र अजून पाहुणी आल्यासारखं वाटतं. दारात रांगोळी काढली तर आठच्या आत हाउसकीपिंगवाली पुसून जाते. रात्री उठले की हात भिंतीवर जुन्या घरातलं बटण शोधतो. ह्यांचा फोटो अजून खोक्यात आहे, कारण मुलगा म्हणतो भिंतीला भोकं नकोत, विकताना बरं दिसत नाही. तो कासारवडवलीला राहतो, घराचे हप्ते चालू आहेत. त्याचं म्हणणं, हे घर माझ्या नावावर बक्षीसपत्र करून दे, दोन्ही घरं विकून एक मोठं घेऊ, तू आमच्यात राहा. मुलगा-सून वाईट नाहीत. मुलगी पुण्याला असते, ती म्हणते, आई तू ठरव. नाहीतरी हे घर मला माझं वाटतच नाही. मग करून टाकू का सही?’

काकू,

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. सही करू नका. कधीच करू नका असं म्हणत नाही. आत्ता, या मनःस्थितीत नको.

तुमचं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘नाहीतरी हे घर मला माझं वाटतच नाही.’ मुलाला घर द्यावंसं वाटलं म्हणून देणं ही एक गोष्ट. ‘नाहीतरी’ म्हणून देणं ही अगदी दुसरी. ‘नाहीतरी ही साडी मी नेसत नाही, घेऊन जा’ असं आपण म्हणतो ना, त्या सुरात तुम्ही घराबद्दल बोलताय. साडीचं ठीक आहे. नोंदणी झालेलं बक्षीसपत्र मात्र उद्या मन बदललं म्हणून परत घेता येत नाही.

तुम्हाला वाटत असेल की पत्रात दोन प्रश्न आहेत: मन का रमत नाही, आणि घर कुणाच्या नावावर करावं. मला तो एकच प्रश्न दिसतो. मन रमत नाही म्हणून नावही काढून टाकायला निघालात. तेव्हा आधी मनाचं बोलू, मग कागदाचं.

पत्रातली एक ओळ तुम्ही भरभर लिहून पुढे गेलात. ‘मीच त्यांना समजावलं, मीच सहीला बसवलं.’ काका परत येऊ शकले नाहीत आणि त्याचा ठपका तुम्ही स्वतःवर ठेवलाय. चौदाव्या मजल्यावरचं घर म्हणजे तुमच्या मनात त्या सहीचा मोबदला. त्यात निवांत बसायचं म्हणजे तुम्हाला काकांना सोडून बसल्यासारखं वाटतं. कुणी ‘नशीबवान’ म्हटलं की आत काहीतरी टोचतं ते यामुळे.

काकू, २०१५ चा ऑगस्ट आठवा. बी-केबिनजवळची कृष्णा निवास ही इमारत ३ आणि ४ ऑगस्टच्या मधल्या रात्री कोसळली आणि १२ माणसं गेली. तुमच्या नौपाड्यातलीच गोष्ट. त्या पावसाळ्यात जुन्या इमारतींमधली किती माणसं छताच्या भेगांकडे बघत जागी राहिली असतील. तुमची इमारत त्यानंतर दोन वर्षांनी अतिधोकादायक ठरली. पालिकेच्या यादीत त्याला सी-१ म्हणतात. सी-२ए मधली इमारत रिकामी करून दुरुस्त तरी करता येते, सी-१ मात्र रिकामी करून पाडायचीच असते. काकांचं ‘इथूनच न्या’ खरं होतं, मनापासून होतं. पण ती इमारत तशीच उभी राहील आणि तुम्ही दोघं तिच्यात राहाल, हा पर्याय तुमच्यापुढे नव्हताच. तुम्ही सही केली नसती तरी घर रिकामं करावं लागलंच असतं, फक्त हातात कुठलाही करार नसता. काकांना तुम्ही कधीही खाली येऊ शकणाऱ्या स्लॅबखालून बाहेर आणलंत. तीन वर्षांचा शब्द पुढे मोडला, पण तो तुमच्या हातून मोडलेला नाही.

हे मी लिहिलं म्हणून लगेच पटेल असं नाही, ते कळतं मला. तरी लिहून ठेवते, कारण या अपराधीपणाच्या भरात बायका सह्या करतात. घर सोडून दिलं की फिटलं, असं वाटतं. काकांनी कंपनी बंद पडल्यावरही जे घर विकलं नाही, जे तुम्ही दोघांनी फॉल-बिडिंगच्या पैशांवर टिकवलं, ते देऊन टाकल्याने काही फिटत नाही.

माझ्या आईचं सांगते. पाचपाखाडीत तिच्या दोन खोल्या होत्या. बाबा गेल्यावर आम्ही तिघा भावंडांनी त्या विकल्या आणि तिला कोपरखैरण्याला माझ्या भावाकडे आणलं. अगदी प्रेमाने आणलं. तिला विचारलंही होतं. ती म्हणाली, ‘तुम्ही म्हणाल तसं.’ आम्ही त्याला होकार समजलो. घर हवेशीर होतं, समोर बाग, सून गुणाची, नाव ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी ती खिडकीत बसायची आणि म्हणायची, ‘इथून ओळखीचं कुणी जात नाही गं.’ रेशनकार्डावरचा पाचपाखाडीचा पत्ता तिने शेवटपर्यंत बदलू दिला नाही. धान्य आम्ही त्या कार्डावर घेतही नव्हतो. मी दोनदा फॉर्म आणला, तिने दोन्ही वेळा तो घडी करून गादीखाली ठेवला. ती गेल्यावर गादी उचलली तेव्हा दोन्ही फॉर्म कोरेच सापडले.

म्हणून ‘आई तू ठरव’ म्हणणाऱ्या तुमच्या मुलीचं मला कौतुक वाटतं. आम्ही आईला ते कधी म्हटलं नाही.

माझ्या आईकडे नव्हती अशी एक गोष्ट तुमच्याकडे आहे. तुमचं घर वर गेलं, पण जागा तीच राहिली. लिफ्टने खाली उतरलात की गोखले रोड तोच, राम मारुती रोड तोच, घंटाळीचं देऊळ तेच. कोपिनेश्वराला अजून पायी जाता येतं, तलावपाळीला फेरी मारता येते, जांभळी नाक्यावर भाजीवाली ओळखते. १८९३ सालापासून चालू असलेलं मराठी ग्रंथसंग्रहालयही ठाण्यातच आहे, नातवाला घेऊन कधी जाऊन या. रिडेव्हलपमेंटमध्ये ज्यांनी जागा विकली आणि घोडबंदर रोडला, डोंबिवलीला, बदलापूरला गेले, त्यांनी हे सगळं एका दिवसात गमावलं. पन्नास वर्षांत पायांना जे रस्ते पाठ झाले ते वयाच्या ७३ व्या वर्षी नव्याने पाठ होत नाहीत. कासारवडवलीची संकुलं छान असतात, बाग असते, ज्येष्ठांचे कट्टे असतात, नातू जवळ राहील हे तर सगळ्यात मोठं. पण औषधाच्या दुकानापासून देवळापर्यंत कुणीतरी गाडी काढायची वाट बघावी लागणार असेल, तर माणूस हळूहळू बाहेर पडायचंच सोडून देतो. तुम्ही आज कुणालाही न विचारता चप्पल घालून बाहेर पडू शकता. ही गोष्ट मी चौरस फुटांपेक्षा मोठी धरते.

आता कागद. इथे थोडी सविस्तर बोलणार आहे, कारण नेमक्या याच ठिकाणी घरोघरी गडबड होते.

पहिली गोष्ट, हे घर एकट्या तुमचं आहे का ते बघा. जुनी जागा काकांच्या नावावर असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुम्ही, मुलगा आणि मुलगी असे तिघं सारख्या हिश्श्याचे वारस आहात. काकांच्या आई तेव्हा हयात असत्या तर त्याही. सोसायटीत तुम्ही नॉमिनी होतात, शेअर सर्टिफिकेटवर तुमचं नाव चढलं, म्हणून अख्खं घर तुमचं झालं असं बऱ्याच जणींना वाटतं. तसं नसतं. पुढचा व्यवहार कुणाशी करायचा ते सोसायटीला कळावं, यासाठी नॉमिनी असतो. वारसांचा हक्क तसाच राहतो. मग तुम्ही बक्षीसपत्र केलंत तरी ते तुमच्या हिश्श्यापुरतंच होईल आणि पाठोपाठ मुलीकडे हक्कसोडपत्राचा कागद जाईल. तेव्हा बिल्डरबरोबर झालेला पर्यायी जागेचा नोंदणीकृत करार, शेअर सर्टिफिकेट, ताबापत्र, भोगवटा प्रमाणपत्र, काकांच्या वेळचा जुना करार हे सगळं एका पिशवीत घाला. मूळ प्रती तुमच्या कपाटात ठेवा, मुलांना झेरॉक्स द्या. मुलाच्या ओळखीतला वकील नको, स्वतःचा एक वकील गाठा आणि हे कागद त्याला दाखवा.

हक्कसोडपत्राचं आपल्याकडे कसं असतं बघा, ते बहुतेक एकाच दिशेने वाहतं. बहिणीकडून भावाकडे, आईकडून मुलाकडे. पण ते उलटही वाहू शकतं. मुलगा आणि मुलगी दोघांनी आपापला हिस्सा आईच्या नावे सोडला आणि तशी नोंदणी केली, तर घर पूर्णपणे तुमचं होतं. मी तुमच्या जागी असते तर हेच मागितलं असतं, दोघांना एकत्र बसवून.

त्यानंतर मृत्युपत्र करा. मुलाला घर द्यायचं असेल तर त्यात लिहा, दोघांना वाटून द्यायचं असेल तर तसं लिहा. मृत्युपत्र तुमच्यानंतर लागू होतं आणि तोवर ते कितीही वेळा बदलता येतं. दोन साक्षीदार लागतात, शक्यतो ज्यांना काही मिळणार नाही असे घ्या. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे करून टाका, आणि त्याच सुमारास डॉक्टरांकडून ‘शुद्धीवर आहेत, समजून सही केली आहे’ असा दाखला घ्या. पुढे भावंडांत वादाला जागा कमी उरते.

‘नंतर मुलांना त्रास नको’ म्हणून बक्षीसपत्र करावं असं जे सांगतात, त्यांना मृत्युपत्रानेही तेवढंच काम होतं हे ठाऊक नसतं, किंवा ठाऊक असूनही ते सांगत नाहीत. राहतं घर मुलाला बक्षीस द्यायला महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, नोंदणीचे आणि बाकीचे आकार वेगळे. स्वस्त आहे म्हणून लोक पटकन उरकून टाकतात.

आणि समजा, पुढे कधी विचार करून बक्षीसपत्र करायचं ठरवलंतच, तर ‘आईला हयातभर या घरात राहण्याचा हक्क राहील आणि तिचा सांभाळ मुलगा करील’ हे त्या कागदातच लिहून घ्या. तोंडी नको. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे. सांभाळायच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळ झाला नाही, तर कलम २३ प्रमाणे तो व्यवहार रद्द करून मागता येतो. पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशी अट होती हे दिसलं पाहिजे, नुसतं प्रेमाने दिलं होतं म्हणून चालणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने, उदारपणे लावायला हवा असं सांगितलं आणि तिचं बक्षीसपत्र रद्द झालं. तिथेही मुलाने सांभाळाचं लिहून दिलं होतं. अशा प्रकरणांचं न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो त्यांच्याकडे असतं. तुमच्यावर ती वेळ येईल असं मला पत्रावरून अजिबात वाटत नाही. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी आली असेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत.

मुलाशी कसं बोलायचं हा यातला अवघड भाग. तुम्ही लिहिलंय की तो वाईट नाही, आणि माझा त्यावर विश्वास आहे. त्याच्या डोक्यावर हप्ते आहेत, आणि आई चौदाव्या मजल्यावर एकटी आहे ही धाकधूक आहे. दोन्ही काळज्या त्याने एका सहीत बांधल्या. तुम्ही त्या सोडवून वेगळ्या करा. एखाद्या रविवारी, सून समोर असताना, मुलीला फोनवर घेऊन सांगा, ‘तुमच्याकडे राहायला मी तयार आहे. घर विकायला तयार नाही.’ ही दोन वाक्यं वेगवेगळी आहेत हे त्याच्याही लक्षात आलं नसेल.

दिवाळीनंतर तीन महिने कासारवडवलीला राहून बघा. नौपाड्याच्या घराला कुलूप, किल्ली तुमच्याकडे. आवडलं तर राहा. मग हे घर लिव्ह अँड लायसन्सवर भाड्याने द्या, भाडं तुमच्या खात्यात येऊ दे, आणि त्यातून त्याच्या हप्त्याला हातभार लावावासा वाटला तर आपल्या हाताने लावा. नाही आवडलं तर परत या. आणि कधीकाळी दोन्ही घरं विकून मोठं घ्यायचं सगळ्यांनी मिळून ठरवलंत, तर नव्या घराच्या करारात तुमचं नाव सहमालक म्हणून हवं, हिस्सा किती टक्के तेही लिहिलेलं हवं.

तो म्हणेल, ‘आई, तुझा माझ्यावर विश्वास नाही का?’ हे वाक्य येतंच. रडू नका, चिडू नका. वागळे इस्टेटची आठवण द्या. बाबांची कंपनी बंद पडेल असं कुणाला तरी वाटलं होतं का? पडली. पण घरावर कुणाचं देणं नव्हतं म्हणून तुमच्या डोक्यावर छप्पर राहिलं आणि त्याची दहावी पार पडली. उद्या त्याच्या नोकरीचं, धंद्याचं काही झालं, कर्ज थकलं, संसारात काही बिनसलं, तर त्याच्या नावावर असलेल्या प्रत्येक गोष्टीपर्यंत ते पोहोचतं. तुमच्या नावावर असलेलं घर त्याच्यासाठीसुद्धा आसरा आहे. म्हणा त्याला, ‘तुझ्यावर विश्वास आहे. दिवसांवर नाही.’

पैशाचं थोडक्यात. जुन्या सोसायटीत मेंटेनन्स नावापुरता होता, टॉवरमध्ये लिफ्ट, जनरेटर, वॉचमन सगळं धरून तो हजारांत जातो आणि एकट्या बाईच्या छातीत धडकी भरते. बिल्डरकडून सभासदांना कॉर्पस म्हणून रक्कम मिळाली असेल. ती कुठल्या खात्यात आहे, विचारा. मुलाच्या असेल तर आपल्याकडे वळवून घ्या. पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ती ठेवली तर व्याज दर तिमाहीला खात्यात येतं. या योजनेची कमाल मर्यादा ३० लाख आहे. मेंटेनन्सचा बराच भार त्यातून उचलला जाईल आणि महिन्याच्या बिलासाठी कुणाकडे हात पसरायला लागणार नाही.

आता त्या भिंतींकडे येते. काकू, ताबा मिळून इतका काळ झाला आणि घरात एक खिळा नाही! विकताना बरं दिसावं म्हणून तुम्ही उद्या येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या घरात राहताय, मग पाहुण्यासारखं नाही वाटणार तर काय? हे पत्र वाचून झालं की वॉचमनला सांगून सुताराला किंवा ड्रिलवाल्याला बोलवा. मुलाला विचारू नका, नंतर सांगा. काकांचा फोटो खोक्यातून काढा आणि हॉलमध्ये लावा, जिथून दार दिसतं अशा भिंतीवर. ते या घरात आले नाहीत म्हणून घर अर्धं राहिलंय. त्यांना आत घ्या.

तुम्ही शिलाई मशीनबद्दल काहीच लिहिलं नाहीत. मला वाटतं, ते गॅलरीत चादर टाकून ठेवलं असेल. जुन्या घरी तुमच्या दारावर दिवसभर माणसं का यायची? जिन्यावरून येता-जाता डोकवायची, हे खरं. पण बऱ्याच जणी साडी घेऊन यायच्या, ब्लाउजचं माप द्यायला यायच्या, आणि मग अर्धा तास बसायच्या. टॉवरमध्ये कुणाचं दार कुणाच्या वाटेवर नसतं. लिफ्ट उघडते, माणूस आपल्या घरात जातो. तिथे दार उघडं ठेवून काही होत नाही, कुणाला तरी तुमच्या दारापर्यंत यायचं काम लागतं. मशीन खिडकीजवळ आणा, तेल घाला, आणि नातवाला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ टाकायला सांगा: ‘साडीला फॉल-बिडिंग करून मिळेल, चौदावा मजला.’ डोळ्यांना झेपेल तेवढंच घ्या, आठवड्याला दोन साड्या पुरे. बिल्डरने बाहेर विकलेल्या फ्लॅटमध्ये नव्याने आलेल्या मुलींना फॉल लावायला कुणी मिळत नाही. त्या येतील, आणि बसतील.

जुन्या बारा बिऱ्हाडांपैकी जी परत आली ती आता वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरली असणार. त्यांची नावं आणि फ्लॅट नंबर एका वहीत लिहा. आठवड्यातला एक दिवस ठरवून, चार वाजता, आळीपाळीने एकेकाकडे चहा. पूर्वी हे आपोआप व्हायचं. आता ते ठरवावं लागतं, आणि ठरवलं म्हणून त्याची गोडी कमी होत नाही.

रांगोळीचं मात्र मला फार लागलं. हाउसकीपिंगवालीचा यात दोष नाही, तिला आठच्या आत सगळे पॅसेज पुसायला सांगितलेलं असतं. तिच्याशी बोला, तिचं नाव विचारा, तिला चहा द्या, दाराजवळची दोन फरशांची जागा दाखवा. ऐकेल ती. आणि ३० सप्टेंबरच्या आत सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा व्हायला हवी, तिची नोटीस येईल. त्या सभेला स्वतः जा, मुलाला पाठवू नका. लिफ्टबाहेर बसायला एक बाक, पायऱ्यांना कठडा, दारात रांगोळीला मुभा, हे विषय आधीच सेक्रेटरीला लेखी द्या. तीन मजली इमारतीत तुम्ही बोलायचा असाल तशाच बोला. त्या जमिनीवर पन्नास वर्षं राहिलेल्या तुम्ही आहात, बाकीचे नंतर आलेत.

आणि ते बटण. जुन्या घरात ते पलंगावरून कुठल्या बाजूला होतं, किती उंचीवर, हे तुमच्या हाताला पाठ आहे. ड्रिलवाला येईल त्याच दिवशी वायरमनलाही बोलवा. पलंगावर आडव्या व्हा, डोळे मिटा आणि हात सवयीने जाईल तिथे जाऊ द्या. जिथे बोटं टेकतील तिथे पेन्सिलने खूण करायला सांगा, आणि बटण बरोबर त्याच ठिकाणी बसवून घ्या.